माहेरी गेलेली दया

आत्माराम तुकाराम भिडे हा माणूस काटेकोर. गोकुळधाम सोसायटीचा ‘एकमेव सेक्रेटरी’, मूळचा रत्नागिरीचा, शिकवण्या घेणारा मास्तर. सोसायटीच्या फळ्यावर सुविचार लिहिणार, मेंटेनन्सचा चेक लांबला की दारात जाऊन उभा राहणार, सखाराम नावाच्या जुन्या स्कूटरला ओरखडा पडला तर जीव खालीवर करून घेणार. दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावणाऱ्या या मास्तरांच्या एकुलत्या एक लेकीचा, सोनूचा, चेहरा २००८ पासून तीनदा बदलला. आधी झील मेहता, मग निधी भानुशाली, मग पलक सिधवानी, आता खुशी माळी. मास्तरांच्या काही लक्षात आलं नाही. त्यांच्या पत्नी माधवीभाभींचा लोणची-पापडाचा धंदाही बिनबोभाट चालू राहिला.

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली आणि तिचे चार हजारांहून अधिक भाग होऊन गेले आहेत. आमच्या नगर जिल्ह्यात जेवणाच्या वेळी ती कुठल्या तरी घरात लागलेली असतेच. नवा भाग संपला तरी जुने भाग दिवसभर चालूच, आणि २०१९ पासून ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावानं ती मराठीतही बोलू लागली. जुने-नवे भाग असे एकमेकांत मिसळून पाहण्याचा परिणाम असा होतो, की दुपारी पाहिलेला टप्पू, म्हणजे जेठालाल आणि दयाचा मुलगा, लहान असतो, संध्याकाळी दाढीमिशी फुटलेला आणि रात्री तिसराच कुणी. घरातलं एखादं पोर बोट दाखवून ओरडतं, “आत्ता तर ह्याचा शर्ट निळा होता!” मोठी माणसं म्हणतात, “गप बैस, बघू दे.” पण त्या पोराचं बरोबर असतं.

अशा चुका होतात कशा, हे एकदा समजून घेतलं की त्यांच्याबद्दलचा राग निवळतो. मालिका क्रमानं चित्रित होत नाही. ज्या नटाच्या तारखा मिळाल्या त्याचे प्रसंग आधी उरकतात. गोकुळधामचं अंगण गोरेगावच्या फिल्मसिटीत आणि घरांचे आतले भाग बरीच वर्षं कांदिवलीला. म्हणजे मालिकेचा नायक जेठालाल गोरेगावात दाराची कडी उघडतो आणि कांदिवलीत, कदाचित दुसऱ्याच दिवशी, घरात पाऊल टाकतो. मधल्या काळात त्याच्या हातातली पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात गेली नसेल तरच नवल. सेटवर याला कंटिन्युइटी म्हणतात आणि ती सांभाळायला दिग्दर्शकाचा एखादा साहाय्यक नेमलेला असतो. कुणाच्या गळ्यात काय होतं, पेल्यात पाणी किती होतं, पदर कुठल्या खांद्यावर होता, याचे फोटो काढून ठेवणं हे त्याचं काम. सिनेमात या कामाला सवड मिळते. रोजच्या मालिकेत रोज वीस-बावीस मिनिटांचं खाद्य चॅनलला द्यायचं असतं, तिथे पेल्यातलं पाणी कोण मोजणार? दिवसभर राबणाऱ्या त्या पोराला नावं ठेवावीत असं मला तरी वाटत नाही.

शर्ट आणि पेले ही किरकोळ गोष्ट. खरी मोठी गफलत काळाची आहे, आणि ती इतकी मोठी आहे की डोळ्यांत भरतच नाही. गोकुळधामात दरवर्षी गणपती बसतात, नवरात्रात गरबा होतो, होळी पेटते, दिवाळीला कंदील लागतो. कॅलेंडर आपल्याच गतीनं चालतं. पण पत्रकार पोपटलाल २००८ साली लग्नाळू होता, आजही लग्नाळूच आहे, आणि त्याच्या पत्रिकेतलं वय कुठल्या साली थांबलं ते ब्रह्मदेवाला ठाऊक. टप्पूची भूमिका करणारे दोन नट मोठे होऊन निघून गेले, तिसरा आला, टप्पू सेना मात्र टप्पू सेनाच राहिली. सण पुढे सरकतात, माणसं जागच्या जागी.

यात गोकुळधामचा एकट्याचा दोष नाही. अमेरिकेतली ‘मॅश’ ही मालिका कोरियन युद्धातल्या फौजी इस्पितळावर होती. ते युद्ध १९५० ते १९५३, म्हणजे जेमतेम तीन वर्षं चाललं. मालिका १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं. त्या इस्पितळानं किती हिवाळे काढले याचा हिशेब लावायला गेलं तर युद्धाचा इतिहास नव्यानं लिहावा लागेल. ‘फ्रेंड्स’मधला रॉस ओळीनं तीन हंगाम एकोणतीस वर्षांचाच राहिला. ‘हॅपी डेज’मधला चक नावाचा थोरला भाऊ तर दुसऱ्या हंगामानंतर घरातून नाहीसाच झाला, आणि पुढे आईवडील असे वागले की जणू त्यांना दोनच मुलं. त्या चककडे आपण पुन्हा येऊ.

विनोदी मालिकेला विसरभोळेपणा लागतोच, असं माझं म्हणणं आहे. गंभीर कथेतला माणूस ठेच लागली की शिकतो, बदलतो, म्हातारा होतो, आणि कथा संपते. विनोदी माणसानं शिकायचंच नसतं. जेठालालनं एकदा ठेच खाल्ल्यावर शेजारच्या बबिताजींसमोर पाघळायचं थांबवलं, भिड्यांनी सखारामवरचा जीव कमी केला, बबिताजींच्या नवऱ्यानं, अय्यरनं, चिडणं सोडलं, तर सोमवारी दाखवायचं काय? चि. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ वर्षानुवर्षं नव्या नव्या फजितीत सापडत राहिले ते आधीच्या फजितीचा धडा विसरून. दूरदर्शनच्या कृष्णधवल पडद्यावर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ही जोडी पाहताना, मागच्या वेळी इतकं झालं तरी चिमणराव पुन्हा कसे फसले, असं कुणी विचारलं नाही. फसणं हा त्यांचा स्वभाव, आणि प्रेक्षक धरून ठेवतो तो स्वभाव. चेहरा बदलला, घड्याळ चुकलं, वय अडकलं तरी चालतं. भिडे मास्तर एक दिवस उधळपट्टी करायला लागले तर मात्र सगळं घर एका सुरात म्हणेल, “हे काही खरं नाही.”

आणि नगरच्या माणसाला तर हे सांगायचीही गरज नाही. संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव पावसा हे पवळाबाईचं गाव. तमाशाच्या फडावर पठ्ठे बापूरावांच्या कवनांना ठसका दिला तो तिनं. संगमनेरातच कांताबाई सातारकरांनी आयुष्याची शेवटची वर्षं काढली आणि २०२१ साली देह ठेवला. त्यांनी फडावर पुरुषपात्रंही गाजवली. ज्या भागानं हा तमाशा पिढ्यान्‌पिढ्या पाहिला, त्याला काळाची गफलत नवी नाही. गवळण सुरू होते. काळ द्वापारयुगाचा, गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या. मावशीचं सोंग घेतलेला पुरुष पदर सावरत पुढे येतो. पेंद्या त्यांची वाट अडवतो आणि बोलता बोलता कांद्याच्या भावावर घसरतो. गावच्या सरपंचाला चिमटा काढतो, एसटी वेळेवर येत नाही म्हणून तक्रार करतो. कृष्णाच्या काळात एसटी कुठली, असं माळावर बसलेला एकही माणूस विचारत नाही. उलट तिथेच हशा सर्वांत मोठा येतो. सोंगाड्याला माहीत असतं की हे खोटं आहे, प्रेक्षकाला माहीत असतं की सोंगाड्याला माहीत आहे, आणि दोघंही एकमेकांकडे बघून हसतात. काळाचा भंग तिथे भर उजेडात होतो.

भक्तीच्या अंगणातही निराळं नाही. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पुरा केला. घराघरांत, देवळादेवळांत ज्याची पारायणं झाली असा तो ग्रंथ. त्यात नामदेव आणि कबीर एकाच काळातले असल्यासारखे भेटतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हे खटकणं साहजिक आहे. दोघांमध्ये शंभराहून जास्त वर्षांचं अंतर आहे. पण पारायणाला बसलेल्या म्हातारीला ते कधी खटकलं नाही. दोघं विठ्ठलाचे, मग भेटले असतीलच, इतकं तिला पुरतं. महिपती तारखांची वही लिहायला बसले नव्हते आणि तसं सोंगही त्यांनी आणलं नाही.

चेहऱ्याचंही असंच. आमच्या नगरचे सदाशिव अमरापूरकर. त्यांच्या ‘सडक’ सिनेमातल्या महाराणीनं १९९१ साली सगळ्या देशाला धडकी भरवली. त्याच माणसानं त्याच्या तीन वर्षं आधी श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मध्ये महात्मा फुले उभे केले होते. त्या मालिकेत तर ओम पुरी कधी दुर्योधन, कधी अशोक, कधी औरंगजेब. एक चेहरा आणि दहा माणसं हे आपण बिनतक्रार पाहिलं. मग दहा चेहरे आणि एक माणूस यानं इतकं बिघडतं कुठे? डॉक्टर हाथी आधी निर्मल सोनी होते, मग कवी कुमार आझाद झाले, आणि २०१८ साली आझाद गेल्यावर पुन्हा निर्मल सोनी आले. सोढी बदलला, परत आला, पुन्हा बदलला. ज्याच्या चष्म्यातून ही सगळी गोष्ट पाहायची त्या तारक मेहताचाच चेहरा २०२२ साली बदलला. प्रेक्षक थोडे दिवस कुरकुरले आणि रुळले. आमच्या शहराचंच नाव मधल्या काळात बदललं. पाट्यांवर अहिल्यानगर आलं, आणि बसच्या दारातला कंडक्टर अजून “नगर, नगर” म्हणूनच हाक देतो. कुणाची गाडी चुकत नाही.

तर मग प्रेक्षक चिडतात कशावर? चिडतात हे नक्की. मला वाटतं, त्याचं उत्तर या मालिकेच्याच दोन चुका शेजारी शेजारी ठेवल्या की मिळतं.

पहिली चूक २०२२ सालची. एका भागात ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गाणं १९६५ सालचं असं सांगितलं गेलं. गाणं १९६३ चं. चीनच्या युद्धानंतरचं गाणं पाकिस्तानच्या युद्धाच्या वर्षाला चिकटलं. लोकांनी लगेच पकडलं, आणि निर्मात्यांनी जाहीर निवेदन काढून माफी मागितली, योग्य साल सांगितलं, पुढे काळजी घेऊ म्हणाले. दोन वर्षांची चूक, दोन ओळींची माफी, विषय मिटला. हे मला मनापासून आवडलं. आपल्याकडे चूक झाली की आधी ‘तसं म्हणायचंच नव्हतं’ असं म्हणायची पद्धत आहे.

दुसरी गोष्ट दयाबेनची, जेठालालच्या बायकोची. ही भूमिका करणाऱ्या दिशा वाकानी बाळंतपणासाठी २०१७ साली रजेवर गेल्या आणि परतल्या नाहीत. तो त्यांचा निर्णय, त्यांचं घर, त्यांची मुलं. त्यात बोलण्यासारखं काही नाही. निर्माते असितकुमार मोदींनीही मुलाखतींमधून याबद्दल अनेकदा सांगितलं आहे. पण मालिकेच्या आत काय घडलं? दया अहमदाबादला माहेरी गेली. आणि गेलीच. तिचा भाऊ सुंदर (गंमत अशी की ही भूमिका करणारे मयूर वाकानी दिशाचे खरेच भाऊ आहेत) अधूनमधून मुंबईला येतो, बहिणीला घेऊन येतो म्हणतो. गोकुळधाम सजतं, जेठालालचे डोळे दाराकडे लागतात, प्रेक्षकांचेही लागतात, आणि दया येत नाही. एकदा, दोनदा झालं तोवर ठीक. पण हे वर्षानुवर्षं चाललंय. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास पुन्हा तोच प्रकार झाला, तेव्हा मालिकेवर बहिष्कार घाला असा ओरडा उठला. सोनूच्या तीन बदलांवर असा ओरडा उठला नाही.

याचं कारण मला असं दिसतं. सोनूचा चेहरा बदलला तेव्हा मालिकेनं प्रेक्षकाला न बोलता एक करार देऊ केला: ही सोनू आहे असं तुम्ही माना, आम्ही पुढची गोष्ट सांगतो. तमाशातल्या मावशीसारखाच हा व्यवहार. दोन्ही बाजूंना माहीत आहे आणि दोन्ही बाजूंना मान्य आहे. दयाच्या बाबतीत करार झालाच नाही. ती नवी आली नाही, जुनी आली नाही, गेली असंही सांगितलं नाही. तिची वाट पाहणं हाच एक ट्रॅक झाला आणि तो दर थोड्या महिन्यांनी वापरायला काढला जातो. इथे प्रेक्षक चुकीवर हसू शकत नाही, कारण तो सोंगाड्याच्या बाजूला उभा नाही. त्यालाच फसवलं जातं आहे.

याहून मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे. गोकुळधाम ही शेजारधर्माची गोष्ट म्हणून आपण पाहतो. कुणाच्या घरात साखर संपली तरी सगळी सोसायटी अंगणात जमते. त्या सोसायटीत एका घरातली सून इतकी वर्षं माहेरी आहे आणि एकही शेजारीण सकाळच्या गाडीनं अहमदाबादला जाऊन तिला भेटून येत नाही? मुंबई-अहमदाबाद हा एका रात्रीचा प्रवास. जेठालालचे वडील बापूजी बसल्या जागेवरून सगळ्यांना खडसावतात, त्यांनी सुनेला आणायला एकदाही निघू नये? आमच्याकडे पोरगी माहेरी जाऊन जरा लांबली, की चार दिवसांत दोन्हीकडची वडीलधारी माणसं बैठकीला बसतात, आणि गावात काय बोलणं होतं ते वेगळंच. शर्टाचा रंग चुकला तर सेटवरच्या साहाय्यकाची चूक. शेजारी शेजाऱ्यासारखा वागला नाही तर ती गोष्टीचीच चूक. सातत्य मोडलं ते इथे, कारण गोकुळधामचा स्वभावच मोडला.

आता तो चक. ‘हॅपी डेज’वाल्यांनी थोरल्या मुलाला चक्क पुसून टाकलं आणि अमेरिकेत त्याचं नावच पडलं. मालिकेतून कुठलंही पात्र स्पष्टीकरणाशिवाय नाहीसं झालं, की तिकडे त्याला चकचा रोग म्हणतात. निर्दय वाटलं तरी ते एका अर्थी सरळ होतं. त्याची आठवण काढून कुणी प्रेक्षकाला खुर्चीच्या टोकाशी बसवलं नाही. दयाचं उलट आहे. तिला पुसायचंही नाही आणि आणायचंही नाही.

दयाच्या बाबतीतही सरळ काही करता आलं नसतं असं नाही. जेठालालच्या दुकानातल्या नट्टू काकांची भूमिका करणारे घनश्याम नायक २०२१ च्या ऑक्टोबरात गेले. ते जाईपर्यंत मालिकेशी बांधलेले राहिले. पुढच्या वर्षी निर्मात्यांनी स्वतः समोर येऊन नवे नट्टू काका, किरण भट्ट, यांची ओळख करून दिली. जुन्याची जागा कुणी घेऊ शकत नाही, तरी गडा इलेक्ट्रॉनिक्समध्ये काका हवेत, असा त्याचा अर्थ. कुणाचीही फसवणूक झाली नाही आणि दुकान चालू राहिलं.

पोपटलालचं लग्न होऊ नये, या मताचा मी आहे. ते झालं तर छत्री घेऊन फिरणारा तो माणूसच उरणार नाही. टप्पू कितीही वर्षं कॉलेजात जाऊ दे, सोनूचा चेहरा आणखी दोनदा बदलू दे, पेल्यातलं पाणी हवं तसं वरखाली होऊ दे. दयाबेनचं मात्र काय ते एकदा पडद्यावर सांगून टाकावं. नवी बाई आणावी, नाहीतर ती तिकडेच राहिली म्हणावं. दोन्ही प्रेक्षकाला पचेल. आणि ते होईस्तोवर निदान भिडे मास्तरांनी तरी सखाराम बाजूला ठेवून अहमदाबादचं एक तिकीट काढावं. सेक्रेटरी आहेत ते.